खेळाचं इंजिन आणि आपली अक्षरं

गेम इंजिन निवडताना बहुतेक जण आधी चित्रं बघतात: पाणी किती खरं दिसतं, दगडावर ऊन कसं पडतं. मी आधी अटी वाचतो, मग अक्षरं तपासतो, चित्रं सगळ्यात शेवटी. हा क्रम मी कित्येक वर्षं सांगत आलो आहे आणि त्यावरून माझ्याशी भांडणारेही पुष्कळ आहेत. अटींच्या बाबतीत 2023 नंतर त्यांतले बरेच जण गप्प झाले. अक्षरांचं भांडण मात्र अजून मिटलेलं नाही.

जुना इतिहास वाचकांना ठाऊक आहे. 1993 च्या डूममध्ये खेळ चालवणारा प्रोग्रॅम वेगळा होता आणि नकाशे, भिंती, राक्षस वेगळ्या वॅड फाइलमध्ये होते. ही फाइल बदलली की खेळ बदलायचा. पुढे क्वेक या खेळाचं इंजिन परवान्यानं घेऊन आणि त्यात भरपूर फेरफार करून व्हॉल्वनं 1998 मध्ये हाफ-लाइफ काढला आणि इंजिन ही विकत घेण्याची वस्तू आहे हे सगळ्यांना पटलं. मला त्याहून मोठी वाटते ती 1997 ची गोष्ट. त्या वर्षी डूम करणाऱ्या इड सॉफ्टवेअरनं त्याचा सोर्स कोड लोकांसमोर ठेवला, आणि दोन वर्षांनी क्वेकचाही. तेव्हा पुण्यात डायल-अपवर फाइल उतरवायची म्हणजे रात्रीचं काम. आम्ही मित्रांनी तो कोड डॉट मॅट्रिक्सवर, कडेला भोकं असलेल्या लांबलचक कागदावर छापून घेतला आणि टिळक रोडवरच्या एका मित्राच्या माडीवर पसरून पेन्सिलीनं खुणा करत वाचला. दार कसं उघडतं, गोळी भिंतीला लागली हे कसं कळतं, हे सगळं तिथे लिहिलेलं होतं. ज्याचं पोट उघडून बघता येतं तेच इंजिन शिकण्याच्या कामाचं, हे माझं मत त्या माडीवर पक्कं झालं.

मधला पट्टा भराभर ओलांडतो. हॉलंडमध्ये मार्क ओव्हरमार्स या प्राध्यापकांनी सुरू केलेलं गेममेकर 1999 चं. हॉटलाइन मायामी आणि अंडरटेल त्याच्यावरच झाले. आरपीजी मेकर, कन्स्ट्रक्ट, कोकोस, डीफोल्ड ही सगळी आपापल्या जागी ठीक आहेत. क्रायइंजिनबद्दल एकेकाळी फार बोललं जायचं, आता कुणी विचारत नाही.

युनिटीची सुरुवात कोपनहेगनची. 2005 मध्ये ते फक्त मॅकवर चालायचं. 2009 मध्ये मोफत आवृत्ती आली आणि हौशी माणसाच्या हातात पहिल्यांदा खरंखुरं त्रिमितीय साधन पडलं. हे श्रेय त्यांना द्यायलाच हवं. नवी मुंबईचा लुडो किंग, जो आपल्या घराघरांत पोचला, तोही युनिटीवरचाच. अनरियलनं 2015 मध्ये इंजिन फुकट केलं आणि कमाईवर पाच टक्के मागितले. 2020 पासून पहिल्या दहा लाख डॉलरच्या कमाईवर काही द्यावं लागत नाही. त्याच वर्षी पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं अनरियलवर 'राजी' काढला. राजस्थानी वास्तू, भिंतींवरची चित्रं, त्यावर पडणारा उजेड हे सगळं एका छोट्या चमूनं उभं केलं. असा देखावा हवा असेल तर अनरियल घ्यावं, त्यात वाद नाही. फक्त संगणक दणकट हवा, आणि डिस्कवर जागाही भरपूर.

आता अटी. 12 सप्टेंबर 2023 ला युनिटीनं जाहीर केलं की ठरावीक कमाई आणि ठरावीक इन्स्टॉल ओलांडल्यावर पुढच्या प्रत्येक इन्स्टॉलमागे पैसे घेतले जातील. छोट्या परवान्यासाठी उंबरठा होता वर्षाला दोन लाख डॉलर आणि एकूण दोन लाख इन्स्टॉल, आणि श्रीमंत देशांत दर 20 सेंट. आधीच बाजारात असलेले, जुन्या अटींवर केलेले खेळही त्यात धरले होते. 2019 मध्ये याच कंपनीनं सांगितलं होतं की तुम्ही ज्या आवृत्तीवर काम करता तिच्याच अटी तुम्हाला लागू राहतील. जगभर गदारोळ झाला, दहा दिवसांत अटी सौम्य केल्या गेल्या, प्रमुख पायउतार झाले आणि वर्षभरानं हे शुल्कच रद्द झालं. शुल्क गेलं तरी माझा मुद्दा जात नाही. चार वर्षं खपून केलेल्या खेळाचा हिशेब एका सकाळी दुसरं कुणी बदलू शकतं, हे सगळ्यांनी पाहिलं. स्ले द स्पायर हा खेळ करणाऱ्या मंडळींनी त्याचा दुसरा भाग गोडो या खुल्या इंजिनावर नेला. टेरारियाच्या री-लॉजिकनं गोडो आणि एफएनए या दोन खुल्या प्रकल्पांना प्रत्येकी एक लाख डॉलर दिले.

गोडोवर मी सावकाश बोलणार आहे. ब्वेनोस आयरेसच्या हुआन लिनिएत्स्की आणि आरिएल मान्सूर या दोघांनी आपल्या कामासाठी बांधलेलं हे इंजिन 2014 मध्ये एमआयटी परवान्याखाली खुलं झालं. हा परवाना छोटा आहे, चहा पिता पिता वाचून होतो. वापरा, बदला, विका, फक्त परवान्याचा मजकूर सोबत ठेवा. उद्या मूळ मंडळींनी दुकान बंद केलं तरी तुमच्याकडची प्रत तुमचीच राहते. इंजिनाची फाइल पेन ड्राइव्हवर मावते आणि इन्स्टॉल न करता चालते. तालुक्याच्या कॉलेजातल्या जुन्या मशीनवर ते उघडतं, हे मी स्वतः पाहिलं आहे. डोम कीपर, ब्रोटाटो, कॅसेट बीस्ट्स, बकशॉट रूलेट हे खेळ त्यावरचे, आणि ते खपले.

पण माझं खरं प्रेम गोडो 4 वर जडलं ते मार्च 2023 मध्ये, अक्षरांमुळे.

किल्ला हा शब्द घ्या. संगणकाच्या पोटात आधी क साठवलेला असतो, मग ऱ्हस्व वेलांटी. दाखवताना वेलांटी क च्या आधी यायला हवी. पुढच्या दोन ल चं जोडाक्षर व्हायला हवं. कीर्ती लिहिताना र आधी टंकला जातो, पण रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. ही मांडणी करायला वेगळं यंत्र लागतं, त्याला शेपिंग म्हणतात. ब्राउझरमध्ये ते असतं, फोनमध्ये असतं. गेम इंजिनं मात्र वर्षानुवर्षं एक अक्षर एक चौकट या हिशेबानं चालली, कारण ती बांधणाऱ्यांच्या लिपीला तेवढं पुरत होतं. त्यामुळे क नंतर सुटी वेलांटी, मग पाय मोडलेला ल, मग आणखी एक ल असा किल्ला पडद्यावर उभा राहायचा. युनिटीतल्या नेहमीच्या टेक्स्टमेशप्रोमध्ये हे असंच व्हायचं. युनिटी 6 च्या सुमारास त्यांनी या बाजूला हात घातला. अनरियलमध्ये हार्फबझ हे शेपिंगचं खुलं साधन आधीपासून आहे.

मधल्या काळात लोकांनी काय काय केलं! कुणी प्रत्येक वाक्य फोटोशॉपमध्ये लिहून त्याचं चित्र लावलं. एक अक्षर चुकलं की पुन्हा चित्र. कुणी डीटीपीवाल्यांच्या जुन्या, युनिकोडच्या आधीच्या फाँटांकडे परत गेले. त्यात प्रत्येक तुकडा इंग्रजी कळीवर बसवलेला असतो, म्हणून तो कसाबसा दिसतो, पण शोधता येत नाही आणि खेळणाऱ्याला आपलं नाव टंकता येत नाही.

गोडो 4 मध्ये मजकुराची व्यवस्था नव्यानं लिहिली गेली आणि हार्फबझ आत बसवलं गेलं. इथे एक बारकावा सांगतो, कारण तो सहसा कुणी सांगत नाही. मजकूर दाखवणाऱ्या लेबल नोडमध्ये भाषेसाठी एक रकाना आहे. तिथे मराठीचा संकेत, एमआर, टाकला की ज्या फाँटात मराठी रूपं ठेवलेली आहेत, उदाहरणार्थ नोटो सॅन्स देवनागरी, त्यात पाकळीचा ल आणि देठाचा श येतो. रकाना रिकामा राहिला आणि खेळाची चालू भाषाही मराठी नसेल तर हिंदी वळणाचे येतात. आणखी एक: इंजिन स्वतः बिल्ड करून आकार कमी करायच्या नादात मजकुराची प्रगत व्यवस्था वगळून साधी ठेवली, तर जोडाक्षरं पुन्हा सुटतात. माझी चाचणी ठरलेली आहे. किल्ला, कीर्ती, राष्ट्र, त्र्यंबक, आणि मग दर्या व दऱ्या. शेवटच्या जोडीत समुद्र आणि डोंगरांमधल्या दऱ्या वेगळ्या दिसल्या पाहिजेत. ज्या इंजिनात त्या एक होतात त्यात सह्याद्रीवरचा खेळ करू नये.

यावर काही जाणत्या मंडळींचं म्हणणं असं की खेळ जगासाठी करायचा, मराठीची काळजी भाषांतरकार शेवटी घेतील. मी हे मानत नाही. खेळातल्या पाट्या, संवाद, दुकानांची नावं ही पहिल्या दिवसापासून खेळाच्या अंगात असतात. इंजिन ती दाखवू शकत नसेल तर करणाराच नकळत इंग्रजीत विचार करू लागतो आणि गावाचं नाव ओल्ड व्हिलेज होतं.

दुसरे म्हणतात, खऱ्या प्रोग्रॅमरनं इंजिन स्वतः लिहावं. ते स्टारड्यू व्हॅलीचं नाव घेतात. एरिक बॅरोननं एकट्यानं तो केला हे खरं, पण तो उभा होता मायक्रोसॉफ्टच्या एक्सएनएवर. मायक्रोसॉफ्टनं ते सोडून दिल्यावर त्याला पुढे नेलं मोनोगेम या खुल्या प्रकल्पानं. 2024 चा बालात्रो 'लव' या लुआ भाषेतल्या एका छोट्या चौकटीवर झाला. तीही खुली. स्वतः लिहायची हौस असेल तर जरूर लिहा, पण मग तीन वर्षांनी तुमच्याकडे इंजिन असेल, खेळ नसेल.

व्यावसायिकाची गोष्ट वेगळी आहे आणि ती मी टाळत नाही. त्याला माणसं नेमायची असतात. पुण्या-मुंबईत युनिटी आणि अनरियल येणारी माणसं मिळतात, गोडोची कमी. कन्सोलवर खेळ न्यायचा तर कन्सोल कंपन्यांच्या गुप्ततेच्या करारामुळे खुल्या इंजिनात तो कोड ठेवता येत नाही. त्यासाठी पोर्ट करणाऱ्यांना पैसे मोजावे लागतात. नोकरीसाठी युनिटी शिकणाऱ्याला मी कधीच अडवत नाही. पण स्वतःचा स्टुडिओ काढणाऱ्यानं परवान्यातलं करार संपवण्याचं आणि अटी बदलण्याचं कलम वकिलाकडून वाचून घ्यावं, आणि हे काम पहिला नकाशा काढण्याआधी करावं.

मला सलतं ते वेगळंच. आज क्लासेसमध्ये इंजिन शिकवतात म्हणजे कुठलं बटण कुठे आहे ते शिकवतात. मुलं तयार टेम्प्लेट घेतात, रंग बदलतात, प्रमाणपत्र घेतात. कोणतं इंजिन भारी यावरचे व्हिडिओ महिनोन्महिने बघतात आणि एक साधी सापशिडी पुरी होत नाही. सोर्स उघडा पडलेला असून तो वाचणारा विद्यार्थी विरळा झाला आहे. पूर्वी कोड मिळवायला रात्र जागावी लागे, आता तो एका क्लिकवर आहे आणि कुणी उघडत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आणि काम तर पडलेलं आहे. ठिपक्यांच्या जुन्या धाटणीच्या खेळांसाठी रोमन अक्षराला आठ बाय आठची चौकट पुरते. देवनागरीत शिरोरेघ, तिच्यावर मात्रा, रफार आणि अनुस्वार, खाली उकार आणि जोडाक्षराचा पाय. आठ ओळींत हे मावत नाही, सोळांत दाटीवाटीनं बसतं. मुंबईच्या एकटाइपनं मुक्त आणि बालू असे उत्तम फाँट मोकळे दिले, पण ते गुळगुळीत वळणाचे. शेपिंगचे नियम आत असलेला, ठिपक्यांचा, वाचता येणारा मराठी फाँट ज्याला करायचा असेल त्यानं ष्ट्र पासून सुरुवात करावी. तो बसला की बाकीची बसतील.