लेकराच्या तपासणीला जाताना वही सोबत न्या

पऱ्हाटीत खाडे पडले तर कास्तकार आठ-दहा दिवसांतच नांग्या भरून घेतो. पोळ्यापर्यंत वाट पाहत कोणी बसत नाही, कारण उशिरा डोबलेले झाड मागेच राहते हे त्याला ठाऊक असते. पण घरातले लेकरू दोन वर्षांचे होऊनही बोलत नसेल, हाक मारली तर वळून पाहत नसेल, तेव्हा आपण काय म्हणतो? "बाप बी उशिराच बोलला होता." "पोट्टं आहे, बोलेल हळूहळू." असे म्हणता म्हणता लेकरू शाळेच्या वयाचे होते आणि हाताशी असलेला चांगला काळ निघून जातो.

बाभुळगाव तालुक्यातील मायबापांनो, अशा लेकराची तपासणी करून घ्यायला सांगितले असेल तर घाबरू नका आणि टाळूही नका. तपासणीला जाण्यापूर्वी काय तयारी करायची ते येथे देत आहोत.

स्वमग्नता म्हणजे काय?

स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, हा मेंदूच्या वाढीतील वेगळेपणा आहे. अमेरिकेतील डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांचे वर्णन करून ही अवस्था मांडली. असे लेकरू नजरेला नजर कमी देते, बोट दाखवून वस्तू मागत नाही, दुसऱ्या मुलांत मिसळत नाही. खेळण्यातली गाडी चालवण्याऐवजी तिचे चाकच फिरवत बसते, नाही तर बाटल्यांची झाकणे रांगेत लावत राहते. मिक्सरच्या किंवा चक्कीच्या आवाजाने कोणी कान झाकून घेते. सर्वच लेकरांत सर्व लक्षणे नसतात.

सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, अठरा महिन्यांपर्यंत बोट दाखवणे नाही, दोन वर्षांपर्यंत स्वतःहून दोन शब्द जोडून बोलणे नाही, किंवा आधी येत असलेले शब्द गेले, असे काही दिसले तर थांबू नये.

आईने ग्रहण पाळले नाही म्हणून हे होत नाही. कोणाची नजर लागली, बाहेरची बाधा झाली म्हणूनही होत नाही. लसीमुळे तर नाहीच. लसीवर संशय घेणारा १९९८ चा इंग्लंडमधील लेख त्या नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला. तेव्हा घरच्या सुनेला बोल लावणे आधी बंद करा.

पंधरा दिवसांची वही

माती परीक्षणासाठी आपण बांधाजवळची एक मूठ माती पाठवत नाही, वावरात ठिकठिकाणची माती घेतो. लेकराचेही तसेच आहे. डॉक्टरला ते नव्या जागी थोडा वेळ दिसते. कधी रडते, कधी झोपते. दिवसभर ते दिसते ते आईला, आजीला. म्हणून पंधरा दिवस वहीत रोज चार ओळी लिहा. आईला लिहिता येत नसेल तर तिने सांगावे, दुसऱ्याने लिहावे.

"त्रास देतो", "ऐकत नाही" असे मोघम लिहू नका. दहा वेळा नावाने हाक मारली तर किती वेळा वळून पाहिले? पाणी हवे असेल तर काय करतो, बोट दाखवतो की आपला हात ओढत माठाकडे नेतो? काय खातो, काय तोंडात घेत नाही? झोप किती? कधी झटके आले का? जे चांगले करतो तेही लिहा. जमल्यास घरी खेळतानाचे एक-दोन मिनिटांचे चित्रण मोबाईलवर घ्या.

सोबतची कागदपत्रे

माता व बाल संरक्षण कार्ड, बाळंतपणाचे दवाखान्याचे कागद, आधीच्या औषधांच्या चिठ्ठ्या आणि आधार कार्ड एका पिशवीत ठेवा. लेकरू जन्मल्याबरोबर रडले का, काचेच्या पेटीत ठेवले होते का, कावीळ झाली होती का, बसायला-चालायला कधी लागले, हे विचारले जाते. घरी आठवून ठेवा. अंगणवाडी सेविकेला ते इतर मुलांत कसे दिसते तेही विचारून घ्या.

कानाची तपासणीही करायला सांगतील. ती टाळू नका, कारण ऐकू न येणारे लेकरूही हाकेला वळत नाही. यातील एक तपासणी लेकरू झोपेत असताना करतात. त्याला कधी जागे ठेवायचे, कधी झोपवायचे हे आधीच विचारा.

तपासणीच्या दिवशी

लेकराला उपाशी नेऊ नका. त्याच्या आवडीचा खाऊ आणि खेळणे सोबत घ्या. "डॉक्टर सुई टोचतील" असा धाक घालू नका. आई-बाप दोघांनी जावे, आणि प्रश्न आईला विचारला तर उत्तर आईलाच देऊ द्यावे. वेचणीचा एक दिवस बुडेल, पण दोघांनी ऐकलेले घरी गेल्यावर नीट आठवते.

घरात कोणती बोली आहे ते आधी सांगा. आपल्या जिल्ह्यात कुठे गोरमाटी, कुठे कोलामी, कुठे गोंडी बोलतात. गोरमाटीत वाढलेल्या लेकराला मराठीत विचारले आणि ते गप्प राहिले, तर त्याला समजत नाही असा चुकीचा अर्थ निघू शकतो.

एका भेटीत निकाल लागेलच असे नाही. निघण्यापूर्वी तीन गोष्टी विचारा: काय आढळले, घरी रोज काय करायचे, पुन्हा कधी यायचे. स्वमग्नता मुळापासून घालवणारी गोळी किंवा इंजेक्शन नाही. वाचा-उपचार, वागणूक व हालचालींचे शिक्षण आणि घरचा रोजचा सराव यांनी लेकरू पुढे सरकते. पूर्ण बरे करून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागून वावर गहाण टाकू नका.

सरपंच व ग्रामसेवकांसाठी

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यातील पालघर येथून सुरू झाला. त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुले तपासते. पथक कोणत्या दिवशी येणार हे दवंडीने किंवा फलकावर आधी कळवा. मजुरीला जाणाऱ्या आईला त्या दिवशी घरी थांबता आले पाहिजे. पुढे कुठे पाठवणार हे पथकाकडून कागदावर लिहून घ्यायला तिला मदत करा.

१९९५ च्या अपंग कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेख नव्हता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत ती आली. प्रमाणपत्रासाठी ४० मुद्द्यांची भारतीय मोजपट्टी वापरतात. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा अधिक ठरले तर ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या किंवा विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. त्यात अशा लेकरांचाही वाटा आहे, हे मासिक सभेत लक्षात ठेवा.

मायबापांनो, तपासणीने लेकरू बदलत नाही. सकाळी घरून नेलेले तेच लेकरू संध्याकाळी कडेवर घेऊन तुम्ही परत येता. फक्त त्याला काय जड जाते आणि कुठून सुरुवात करायची हे तुम्हाला कळलेले असते. तारीख मिळाली असेल तर वही आजच घ्या. मिळाली नसेल तर उद्या अंगणवाडीत जाऊन विचारा.