सात परस आणि सात दिवस

गेल्या महिन्यात गावी गेले तर देवळाच्या दारावर फ्लेक्स. आमच्या ख्रिस्ती मंडळीतली जुनी माणसं प्रार्थनाघराला देऊळच म्हणतात, मीही म्हणते. फ्लेक्सवर निळं आभाळ, दोन कबुतरं, कोट घातलेले पाहुणे उपदेशक आणि खाली पिवळ्या ठळक अक्षरांत ‘सात दिवसांत उत्तराची हमी’. फ्लेक्स बांधायला जागा हवी म्हणून कडुलिंबाच्या फांदीला टांगलेला रुळाचा तुकडा काढून पायरीजवळ टाकला होता. हीच आमची घंटा. रविवारी सकाळी जाड बोल्टाने तिच्यावर तीनदा ठोकलं की वाडीवरची माणसं निघायची.

हमी हा शब्द वाचून मला हसू आलं आणि नंतर राग. माझ्या लहानपणी आमच्या भागात हमी एकाच गोष्टीची असायची, रोजगाराची. दिवसभर खडी फोडा, मुकादम मोजून घेईल, पैसे मिळतील. तेसुद्धा वेळेवर मिळतील अशी हमी कोणी देत नव्हतं.

नव्या पाळकसाहेबांना विचारलं तर म्हणाले, “मावशी, आजच्या पिढीला वाट बघायला वेळ नाही.” पोरगा गोड आहे, आजारी माणसाच्या घरी रात्री-अपरात्री जातो, म्हणून मी तिथे काही बोलले नाही. इथे बोलते.

आमच्या मंडळ्यांचा इतिहास म्हणजे वाट पाहण्याचाच इतिहास. पण त्याची सुरुवातीची शंभर वर्षं मी सांगत बसणार नाही, रविवारच्या शाळेत ती इतक्यांदा पाठ करवून घेतली आहेत. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी फेब्रुवारी 1813 मध्ये मुंबईत उतरले, कंपनी सरकारला ते नको होते, परत पाठवण्याचे हुकूम निघाले, कसेबसे राहिले. हॉल 1826 मध्ये नाशिककडच्या फेरीत पटकीने वारले आणि त्याच वर्षी मराठी नवा करार छापून झाला. तेरा वर्षांच्या खटपटीनंतर मंडळी म्हणून दाखवण्यासारखं जवळजवळ काही नव्हतं. त्यांच्यामागून आलेल्यांनी 1831 मध्ये नगरला बस्तान बसवलं. अध्यक्षीय भाषणांत हे सगळं येतं, ऐकणाऱ्यांना डुलकी येते.

मला त्यातलं खरंखुरं कळलं ते एका म्हातारीमुळे. गावात तिला सगळे ‘केडगावची आजी’ म्हणत. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये ती पोरकी म्हणून वाढली आणि तिथल्या छापखान्यात खिळे जुळवायला शिकली. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर हाती घेतलं होतं. त्या कामाला पंधरा वर्षांहून जास्त काळ लागला. मधे 1921 मध्ये मुलगी मनोरमा गेली. 5 एप्रिल 1922 ला रमाबाई गेल्या तेव्हा काम नुकतंच हातावेगळं झालं होतं, आणि सबंध ग्रंथ बाहेर पडला 1924 मध्ये. छापलेलं पुस्तक त्यांनी पाहिलंच नाही. हे मला पुढे वाचून कळलं. आजीकडून कळलं ते वेगळं. तिला अक्षरं उलटी वाचता यायची. वर्तमानपत्र आरशापुढे धरलं तरी ती घडाघडा वाचून दाखवी आणि आम्ही पोरं तोंडात बोट घालून बघायचो. खिळा उचलताना बोटांची जी चिमूट व्हायची तीच चिमूट सत्तरीतही तिच्या हातात होती. ज्वारीतला खडा ती तशीच वेचायची. म्हणायची, “दिवसाला पानभर व्हायचं नाही गं. काना चुकला की उपटा, परत लावा.”

ही आजी, माझे आई-वडील आणि आमची बावीस घरांची मंडळी यांचं 1972 ते 1982 हे दशक मी डोळ्यांनी पाहिलं. त्याच्या पुढचं-मागचं मला फारसं आठवत नाही आणि आठवावंसंही वाटत नाही.

1972 ला मी चौदा वर्षांची होते. त्याआधीची दोन सालंही पावसाने हात आखडता घेतलेलाच होता, त्या वर्षी तर त्याने तोंडच दाखवलं नाही. रेशनवर लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, आला. त्याची भाकरी थापली की कडेने फुटायची आणि तव्यावर वेगळाच वास सुटायचा. शाळेत सुकडी मिळायची, ती मात्र आम्हाला आवडायची. गावच्या वरच्या माळावर पाझर तलावाचं काम निघालं. मे 1973 मध्ये राज्यभरात जवळपास 50 लाख माणसं दुष्काळी कामांवर होती असं मी पुढे वाचलं. मला त्यातली आमची बावीस घरं आठवतात. वडील खडी फोडत, आई घमेलं वाही, मी सुट्टीत आईच्या मागे. संध्याकाळी मस्टरवर अंगठा. डोक्यावरची चुंबळ काढली तरी रात्री तिचा भार जाणवत राही.

पाण्याची गोष्ट मात्र निराळी. गावच्या विहिरीवर आमच्या बायकांना अजून बाजूला उभं राहावं लागायचं. कोणी तरी वरून ओततील तेव्हा हंडा भरायचा. बाप्तिस्म्याने देव बदलला होता, विहिरीवरची जागा बदलली नव्हती. एकदा गावातले एक वजनदार गृहस्थ आईला म्हणाले, “तुमचा देव देईल की पाणी, वाट बघा.” सगळे हसले. आई हंडा घेऊन परत आली आणि त्या रविवारी मंडळीत पहिल्यांदा विहीर खणायची भाषा निघाली.

इथे एक गोष्ट सांगूनच टाकते, कारण उपदेशांत ती कधी येत नाही. देवाची वाट पाहणं निराळं आणि माणसांनी पाहायला लावलेली वाट निराळी. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या यादीतून आम्हा धर्मांतरितांना बाहेर ठेवलं. पुढे शीख आले 1956 मध्ये, बौद्ध आले 1990 मध्ये, आम्ही बाहेरच. रंगनाथ मिश्र आयोगाने 2007 मध्ये आमच्या बाजूने शिफारस केली, 2022 मध्ये आणखी एक आयोग नेमला गेला. ही वाट देवाच्या नावावर खपवणाऱ्या कुठल्याही पाळकाला मी माफ करत नाही. धीर धरा, प्रभू बघतो आहे, असं म्हणणं सोपं आहे. प्रभू बघतोच आहे. सरकारनेही बघावं.

तर विहीर. देवळामागे मिशनच्या वेळची चार गुंठे पड जमीन होती. पानाड्याने नारळ फिरवून जागा दाखवली. मंडळीच्या विहिरीला पानाड्या कशाला, यावर पंचांत दोन तास वाद झाला आणि शेवटी त्याने दाखवलेल्या जागेच्या तीन हात अलीकडे खणायचं ठरलं, म्हणजे दोन्ही बाजूंचं समाधान. दुष्काळी कामावरून आल्यावर उरलेल्या उजेडात खणायचं. पहार, टिकाव, घमेली. पहिले दोन परस, म्हणजे दोन पुरुष खोलीपर्यंत, माती-मुरूम, हौसेने निघाला. तिसऱ्या परसाला काळा खडक लागला.

खडकाला सुरुंग हवा आणि सुरुंगाला पैसे. एका मदत देणाऱ्या संस्थेचे साहेब जीपमधून आले, काठावर उभं राहून फोटो काढला, डोळे मिटून मोठी प्रार्थना केली आणि म्हणाले, पुढच्या आठवड्यात मंजुरी येईल. पुढचा आठवडा सहा महिने चालला. आमचे सेक्रेटरी दर महिन्याच्या सभावृत्तांतात एकच ओळ लिहीत, ‘विहिरीबाबत पत्र आलेले नाही, प्रार्थना करण्यात आली.’ ती वही मी मागच्या भेटीत पाहिली. तीच ओळ ओळीने सहा वेळा, एकाच निळ्या शाईत. त्या संस्थेच्या वार्षिक अहवालात आमच्या अर्धवट विहिरीचा फोटो ‘पूर्ण झालेली कामे’ या मथळ्याखाली आला, हेही नोंदवून ठेवते.

शेवटी बायकांनी मूठमूठ मिलो बाजूला काढून विकला, कोणी शेळी विकली, आणि वडारांची एक टोळी सुरुंग लावायला तयार झाली. त्यांनी निम्मे पैसे उधार ठेवले. ते ख्रिस्ती नव्हते, त्यांनी हमीही मागितली नाही. 1973 चा पाऊस बरा झाला, लोक शेतात गेले, काम थांबलं. 74 च्या उन्हाळ्यात पुन्हा सुरू, सहा परस. 75 च्या मार्चमध्ये सातवा. तळाशी उतरलेल्या वडिलांनी ओंजळ वर केली तेव्हा त्यात चिखल होता. ओला चिखल. वर आजी गुडघे टेकून बसली आणि बाकीच्यांनी गाणं म्हटलं. कुठलं ते आठवत नाही. आठवतं ते हे, की दुसऱ्या दिवशी सकाळी तळाला फक्त वीतभर पाणी होतं आणि तेही मचूळ.

पुढची चार वर्षं विहीर अशीच. पावसाळ्यात भरायची, संक्रांतीनंतर तळ दिसायचा. गावात तिला ‘येशूचा खड्डा’ म्हणायला लागले. मी 1976 ला नर्सिंगला गेले, सुट्टीत यायचे तेव्हा पहिल्यांदा वाकून विहीर बघायचे आणि मग घरात जायचे. तेव्हा माझा विश्वास कुठे होता, विचारू नका. हॉस्टेलच्या बिछान्यात पडून मी देवाशी भांडायचे, सात परस खणून वीतभर पाणी देतोस, असं कसं.

त्या दिवसांत आजीने मला एज्रा आणि जखऱ्याच्या पुस्तकांतली गोष्ट सांगितली. बाबेलहून परतलेल्यांनी मंदिराचा पाया घातला, तो इतका लहान दिसला की जुनं मंदिर पाहिलेली म्हातारी माणसं रडली. मग काम पंधराएक वर्षं बंदच पडलं. इ.स.पूर्व 520 च्या सुमारास हाग्गय आणि जखऱ्या या संदेष्ट्यांनी लोकांना पुन्हा उठवलं. लहान आरंभाला हसू नका हे वचन जखऱ्याच्या पुस्तकातलं. उपदेशक ते वचन नव्या दुकानाच्या उद्घाटनाला वापरतात. आजी म्हणायची ते वेगळं, की ती पंधरा वर्षं पाया उघडाच होता, त्यावर गवत उगवलं असेल, शेळ्या चरल्या असतील, आणि देवाने तरीही तो पाया मोडला असं समजलं नाही. हे सांगताना ती चुलीपुढे बसून शेंगा फोडत होती.

1979 पासून पाऊस बरा लागला. माळावरचा पाझर तलाव, ज्याची खडी माझ्या वडिलांनी फोडली आणि माती आईने वाहिली, तो काठोकाठ भरू लागला आणि त्याचं पाणी जमिनीतून खाली झिरपत आमच्या विहिरीत उतरलं. 1980 च्या मे महिन्यात तळापासून तीन परस पाणी होतं. दुष्काळात पोटासाठी केलेली मजुरी सात वर्षांनी डोंगरउतारावरून चालत आमच्या दारी आली. आई म्हणायची प्रार्थनेमुळे, वडील म्हणायचे तलावामुळे, आणि दोघं एकाच ताटात जेवायचे.

त्याच काळात नगर शहरात एक स्विस जेझुइट, फादर हरमन बाखर, हेच गणित मोठ्या पाटीवर मांडत होते. आधी त्यांनी शेतकऱ्यांना विहिरींसाठी मदत केली, मग ध्यानात आलं की माथ्यावर पाणी अडवल्याशिवाय खालची विहीर टिकत नाही. त्यातून पुढे पाणलोटाचं मोठं काम उभं राहिलं. ते 2021 मध्ये वारले. ते कॅथलिक, आम्ही प्रोटेस्टंट, आणि आमच्या पंचांनी त्यांचं नाव कधी भक्तीत घेतलं नाही. तो कद्रूपणा आमचाच.

1980 च्या त्याच उन्हाळ्यात ‘वाट बघा’ म्हणणाऱ्या गृहस्थांची विहीर आटली. त्यांच्या घरची बैलगाडी पिंपं घेऊन देवळामागे आली. आईने स्वतः रहाट ओढून पहिलं पिंप भरून दिलं, शब्दही बोलली नाही. मंडळीत तिचं कौतुक झालं. मला आजही वाटतं, दोन दिवस वाट बघायला लावायला हवी होती.

आजी 1982 च्या पावसाळ्यात गेली. माझ्यापुरतं ते दशक तिथे संपलं. त्यानंतर नळ आला, बोअर आली, पोरं पुण्याला आणि चाकणला गेली. बावीस घरांची सहा राहिली. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं टाळ-पेटीवर म्हणणारे दोघेच उरले आहेत, त्यांतले एक ऐकू येत नसल्याने पुढे पळतात. गेल्या वेळी पडद्यावर हिंदी गाण्यांचे शब्द होते आणि स्पीकर इतका मोठा की खिडकीची काच थरथरत होती. गाणी वाईट नव्हती. पण तासाभरात एकदाही शांतता झाली नाही. आमच्याकडे प्रार्थनेनंतर पाळक गप्प उभे राहायचे, कोणी खोकायचं, बाहेर शेळी ओरडायची, आणि त्या दोन मिनिटांत जे व्हायचं ते व्हायचं.

सात दिवसांचं शिबिर झालं. माझ्या चुलतभावाच्या सुनेने सातही दिवस उपास केला. तिला मूल हवं आहे, लग्नाला नऊ वर्षं झाली. आठव्या दिवशी तिला सांगण्यात आलं की तुझा विश्वास कमी पडला. मी तिच्याजवळ बसले. ती विहिरीच्या कठड्यावर बसली होती. मी तिला वचन सांगितलं नाही, दवाखान्याचा पत्ता दिला आणि वहीतल्या त्या सहा ओळी दाखवल्या. ती त्यातली ‘प्रार्थना करण्यात आली’ ही अक्षरं बोटाने गिरवत राहिली.

रुळाचा तुकडा मी पुतण्याकडून परत टांगून घेतला आहे. विहीर बोअर आल्यापासून कोणी वापरत नाही, कडुलिंबाचा पाला आणि प्लास्टिक पडून तळ बुजला आहे, पण पाणी अजून आहे. येत्या मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही गाळ काढणार आहोत. पाळकसाहेबही उतरतो म्हणाले. घमेली सोळा जमली आहेत, माणसं नऊच. बावीस घरांपैकी कोणी हे वाचत असेल तर सकाळी सहाला या. जेवण मंडळीकडे आहे, प्यायला पाणी विहिरीचंच, जरा मचूळ लागेल.