‘ह्यू लिंडसे’ची प्रतिकृती

हैदराबादेस समुद्र नाही. हुसेनसागर आहे, सोळाव्या शतकात, कुतुबशाही अमदानीत बांधलेल्या या तलावावरच येथील मुलांना आपली जलप्रवासाची हौस भागवावी लागते. अशा शहरात राहून आगबोटीची, आणि तीही चाकांच्या आगबोटीची, प्रतिकृती करण्याचे आम्ही दोघा भावंडांनी मनात आणले, तेव्हा घरातील मंडळींना हसू आवरेना. आजोबा तेवढे हसले नाहीत. लहानपणी ते रत्नागिरीहून मुंबईस बोटीने जात असत. “पण आमच्या बोटीला चाके नव्हती,” एवढेच ते म्हणाले.

आजोबांचे म्हणणे खरे होते. त्यांच्या काळच्या आगबोटी पाण्याखाली फिरणाऱ्या मळसूत्री पंख्याने चालत. परंतु आपल्या देशात वाफेची नौका प्रथम आली ती चाके घेऊनच. नौकेच्या दोन्ही बाजूंस पाणचक्कीसारखे एक एक मोठे चाक, चाकाच्या परिघावर आडव्या फळ्या, आणि पोटात वाफेचे यंत्र, अशी तिची रचना असे. ‘एंटरप्राइझ’ ही अशी नौका १८२५ साली इंग्लंडहून कलकत्त्यास आली. तिला ११३ दिवस लागले. त्यानंतर चारच वर्षांनी, १८२९ साली, मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील कुशल पारशी कारागिरांनी ‘ह्यू लिंडसे’ बांधली. मुंबईच्या गोदीतील सागवानी जहाजांची कीर्ती तेव्हा दूरवर पसरलेली होती. या नौकेची यंत्रे मात्र विलायतेतील मॉडस्ले यांच्या कारखान्यातून आली. यंत्रे दोन, प्रत्येकी ८० अश्वशक्तीची. नौकेची लांबी १४० फूट, रुंदी २५ फूट, वजनमाप ४११ टन.

आम्ही हीच नौका निवडली. प्रमाण १ ः ६० असे धरले, म्हणजे खऱ्या नौकेचे पाच फूट ते आमचा एक इंच. त्या हिशेबाने लांबी २८ इंच व रुंदी ५ इंच आली. उरलेली वळणे आम्ही त्या काळच्या जहाजांची चित्रे पाहून ठरविली. म्हणून आमची प्रतिकृती ही तंतोतंत नक्कल आहे असे आम्ही म्हणणार नाही.

बांधा करण्यासाठी देवदारी खोक्यांच्या अर्ध्या इंचाच्या फळ्या घेतल्या. एक अखंड ओंडका कोरीत बसण्यापेक्षा फळ्यांचे थर जोडणे सोपे जाते. प्रत्येक थराचा आकार कागदावर काढावा, त्याप्रमाणे फळी कापावी, तिचा मधला भाग काढून टाकावा, आणि मग सरसाने थरावर थर बसवावे. असे सात थर जोडल्यावर पायऱ्यापायऱ्यांचे एक बेढब होडके तयार झाले. कानशीने त्या पायऱ्या उतरविता उतरविता त्यातून जहाजाची नाळ हळूहळू डोकावू लागते, तो या कामातील सर्वांत आनंदाचा दिवस होय! पुढे पुठ्ठ्याचे साचे लावून दोन्ही कुशी सारख्या झाल्या की नाही ते पाहावे, भेगांत लांबी भरावी, काचकागदाने घासावे व तेलरंगाचे तीन हात द्यावे. रंग वाळण्यास वेळ लागतो. तेवढा धीर आम्हांस नव्हता, आणि आमच्या बोटांचे ठसे डाव्या कुशीवर अजून आहेत.

चाके बिस्किटांच्या डब्याच्या पत्र्याची केली. व्यास साडेतीन इंच, प्रत्येक चाकास दहा पाती, आणि सांध्यांना डाख. आस म्हणून सायकलचा आरा वापरला. चाकांच्या नौकेत एक मोठी सोय असते. आस पाण्याच्या वर असल्यामुळे तिच्यासाठी पाडलेल्या भोकातून पाणी आत येत नाही. पंख्याच्या नौकेत हीच जागा गळू नये म्हणून फार खटपट करावी लागते.

यंत्राच्या जागी आम्ही कोठीच्या बाजारातून आणलेली विजेची लहान मोटार बसविली. ती मिनिटाला हजारो फेरे घेते. म्हणून दंतचक्रांनी वेग उतरवावा लागला. किती उतरवावा? येथे एक गमतीचा नियम आहे. इंग्लंडातील विल्यम फ्राउड या अभियंत्याने १८७० नंतरच्या वर्षांत टॉर्की येथे हौद बांधून त्यात जहाजांच्या प्रतिकृती ओढून पाहिल्या. नौका लाटा उठविते त्यामुळे तिला अडथळा होतो, आणि लाटेचा वेग तिच्या लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. म्हणून साठपट लहान प्रतिकृती साठपट हळू चालवावयाची नसते. साठाचे वर्गमूळ सुमारे पावणेआठ. तितकेपट हळू चालविली म्हणजे तिच्या लाटा खऱ्या नौकेच्या लाटांसारख्या दिसतात. चाके मात्र तितकेपट जलद फिरावी लागतात.

स्नेहसंमेलनातील प्रदर्शनास आठवडा उरला असता आम्ही नौका एका नातलगांच्या बागेतील हौदात सोडली. मोटार सुरू झाली, चाके गरगर फिरू लागली, पाण्याचे तुषार आमच्या तोंडावर उडाले, आणि नौका जागच्या जागी थरथरत राहिली. फार तर गोगलगायीच्या गतीने सरकली असेल. आम्ही मोटारीस दोष दिला. दुसरी, अधिक जोरकस मोटार आणावयाची म्हणून पैशांची जमवाजमवही सुरू केली.

आजोबा हौदाच्या काठावर बसले होते. त्यांनी विचारले, “बोट एवढी बुडालेली का रे?”

बाहेरून रंगविलेली पाणरेषा खरोखरच पाण्याखाली गेली होती. कारण आमचा लोभ! प्रदर्शनाचा सारा दिवस पुरावी म्हणून आम्ही ८०० ग्रॅम वजनाची मोठी बॅटरी तळाशी ठेवली होती. वहीत हिशेब मांडला. नौकेने पाण्यावर व्यापलेले क्षेत्र सुमारे ६७५ चौरस सेंटिमीटर. म्हणजे दर ६७५ ग्रॅमला ती एक सेंटिमीटर खाली जाणार. बॅटरीने ती जवळजवळ १.२ सेंटिमीटर बुडविली होती, आणि आमच्या पात्यांची उंचीच मुळी १.३ सेंटिमीटर! चाकाचे पाते सर्वांत खाली असताना त्याची वरची कड पाण्याखाली जेमतेम जावी. चाक त्याहून खोल गेले की पाते पाण्यात शिरताना पाणी खाली दाबते आणि बाहेर येताना ते वर उचलते. या दाबण्या-उचलण्यातच शक्ती खर्च होते. मागे लोटण्याचे खरे काम राहूनच जाते.

मग आम्हांस मूळ ‘ह्यू लिंडसे’ची हकीकत नीट उमगली. आम्ही ती आधी वाचली होती, पण केवळ हकीकत म्हणून. तिची कोठारे साडेपाच दिवसांच्या कोळशापुरती होती, आणि मुंबईहून एडनपर्यंतचा पल्ला होता अकरा दिवसांचा. तेव्हा उरलेला कोळसा मिळेल त्या जागेत भरून ती २० मार्च १८३० रोजी मुंबईहून निघाली, तीच मुळी पाण्यात खोल रुतलेली. चाकेही तशीच रुतलेली. एडनला पोहोचली तेव्हा तिच्यापाशी जेमतेम काही तासांचा कोळसा शिल्लक होता. २२ एप्रिलला ती सुएझला पोहोचली. ३३ दिवसांपैकी सुमारे १२ दिवस वाटेत कोळसा भरण्यातच गेले होते. शिवाय कोळसा जळत जाईल तशी नौका वर येई आणि चाकांची बुडी दररोज बदले. बॅटरी काही वापराने हलकी होत नाही. तेवढ्यापुरते आमचे काम कप्तान विल्सन यांच्यापेक्षा सोपे होते, हे कबूल केले पाहिजे.

मोठी बॅटरी काढून चार लहान घट बसविले. पाणरेषा वर आली. तीच मोटार, तीच चाके. पण आता चाकांमागे पांढऱ्या फेसाचे दोन सरळ पट्टे उमटू लागले. चार मीटरचा हौद तिने दहा सेकंदांत पार केला. म्हणजे सेकंदास ४० सेंटिमीटर. त्याची पावणेआठपट केली तर तासाला सहा सागरी मैल होतात, आणि खऱ्या नौकेने एडनपर्यंत राखलेला वेगही सरासरीने साधारण तेवढाच होता. आम्ही तीनदा वेळ मोजली. आजोबांनी चौथ्यांदा मोजावयास लावली.

प्रदर्शनात एका लहान मुलाने हात घालून पाणी ढवळले, तेव्हा चाकांच्या नौकेचे दुसरे वैगुण्यही सर्वांना दिसले. नौका एका अंगावर कलली की एक चाक हवेत फिरते, दुसरे खोल जाते, आणि नौका वाकडी वळते. भर समुद्रात हे रोजचेच. म्हणून पुढे मळसूत्री पंखा आला. १८४५ साली इंग्रजी आरमाराने ‘रॅटलर’ ही पंख्याची व ‘अलेक्टो’ ही चाकांची नौका एकमेकींस पाठीला पाठ लावून दोराने जोडली आणि दोघींस जोर करावयास लावले. ‘रॅटलर’ने ‘अलेक्टो’ला उलटे ओढीत नेले. शांत, उथळ नद्यांवर मात्र चाके पुढेही पुष्कळ वर्षे फिरत राहिली.

आमची नौका आता शाळेच्या प्रयोगशाळेतील कपाटात आहे. डाव्या चाकाची दोन पाती त्या मुलाच्या हाताने वाकली आहेत. ती सुट्टीत सरळ करावयाची आहेत. मोठी बॅटरी आजोबांनी घेतली. वीज गेली की त्यांच्या खोलीतील दिवा तीवर जळतो.