दाराबाहेरचं पाणी

मे महिन्यातली दुपार होती. समुद्राकडून येणारा वारा पडला होता आणि घाम अंगाला नुसता चिकटून बसला होता. आमच्या बोईसरच्या गल्लीत त्या वेळी चिटपाखरूही दिसत नव्हतं. फाटकाशी एक तांबडी कुत्री येऊन बसली. जीभ हातभर बाहेर, पोटाचा भाता वर-खाली होत असलेला. सौ. खिडकीतून बघत होती. म्हणाली, "अहो, वाचत काय बसलात? तिला पाणी तरी द्या."

त्या दिवशी मी जुन्या पातेल्यात पाणी दिलं. कुत्रीने ते लपलप करत संपवलं, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि सावलीत जाऊन झोपली. चार वर्षं झाली या गोष्टीला. सौ.ने तिचं नाव ठेवलं तांबू. दुसऱ्याच दिवशी मी रस्त्याकडेच्या सिमेंटच्या वस्तू विकणाऱ्याकडून एक ऐसपैस कुंडी आणली. आठ-दहा लिटर पाणी सहज मावेल अशी. दोघांनी उचलून ती फाटकाबाहेर ठेवली, काठोकाठ भरली. सकाळच्या फिरण्यातल्या मित्रांना मी ती दोन-तीनदा तरी दाखवली असेल. आयुष्यभर बँकेत दुसऱ्यांची खाती सांभाळली. आता आपल्याही खात्यावर थोडं पुण्य जमा होतंय, असं वाटून छाती जराशी फुगली होती.

कुत्र्याला पाण्याची गरज आपल्यापेक्षा निराळी असते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. आपल्याला अंगभर घाम येतो आणि तो सुकताना शरीर गार होतं. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ फक्त पंजांच्या तळव्यांना. अंगातली उष्णता बाहेर टाकायची तर त्याला धापाच टाकाव्या लागतात, आणि प्रत्येक धापेबरोबर जिभेवरचं, घशातलं पाणी उडून जातं. आमच्या किनारपट्टीच्या दमट हवेत हे पाणी लवकर उडत नाही. मग कुत्रं आणखी जोरात धापा टाकतं. साधारण हिशेब असा, की किलोमागे दिवसाला पन्नास-साठ मिलिलिटर पाणी लागतं. पंधरा किलोच्या कुत्र्याला पाऊण ते एक लिटर, आणि उन्हाळ्यात त्याहून बरंच जास्त.

असो. कुंडी भरून ठेवली, की आपलं काम झालं, अशी माझी समजूत होती. पाणी कमी झालं, की वरून तांब्याभर ओतायचं. काठाला हिरवट झाक आली होती, बोट लावलं तर बुळबुळीत लागायचं. पण पाणी तर रोज नवीन घालतो ना, मग ते ताजंच, असं मी धरून चाललो होतो. बँकेत ज्यांनी कर्जाची खाती हाताळली आहेत, त्यांना ही चलाखी ओळखीची वाटेल. जुनी थकबाकी तशीच ठेवायची, वरून थोडं नवं कर्ज द्यायचं आणि खातं कागदोपत्री नियमित दाखवायचं. आत काय साचलंय, ते तपासणी येईपर्यंत कळत नाही.

आमच्याकडे तपासणी आली जुलैच्या अखेरीस. बारा दिवस मुलीकडे पुण्याला राहून आम्ही परतलो होतो. मधे पाऊस चार दिवस कोसळून चार दिवस उघडला होता. दारावर आशाताई आली. हातात बॅटरी, खांद्याला पिशवी. घरातल्या बादल्या, पिंप, फ्रिजच्या मागचं ताट, झाडांच्या कुंड्यांखालच्या थाळ्या, सगळं तिने पाहिलं. आमचं घर स्वच्छ निघालं. मी खूष. जाता जाता तिने फाटकाबाहेरच्या कुंडीत बॅटरीचा झोत टाकला आणि म्हणाली, "काका, हे कोणाचं?"

मी पुढे वाकून पाहिलं. पाण्यात बारीक काळपट किडे उलटेपालटे होत होते. एकदोन नव्हे, शेकड्यांनी.

"रिकामी करू या," ती म्हणाली. आम्ही दोघांनी कुंडी कलती करायचा प्रयत्न केला. पावसाने भरलेली ती कुंडी जागची हलेना. शेवटी मगाने उपसून काढावी लागली. तेव्हा आशाताई सहज बोलून गेली, "काका, जड भांडं कुणी रिकामं करत नसतं." एवढं नेमकं वाक्य मला माझ्या एकाही कादंबरीत साधलेलं नाही.

त्याच आठवड्यात शेजारचा नऊ वर्षांचा मुलगा तापाने फणफणला. डेंगी निघाला. सहा दिवस इस्पितळात होता. रोज सकाळी त्याच्या प्लेटलेटचा आकडा गल्लीभर विचारला जायचा. सुदैवाने पोरगा सुखरूप घरी आला. त्याला चावलेला डास कुठल्या पाण्यात वाढला, हे कोणीच सांगू शकणार नाही. त्याच्या आईवडिलांनी मला एका शब्दाने दुखवलं नाही. पण रात्री अंथरुणावर पडलो, की मी हिशेब मांडत बसायचो, आणि तो काही केल्या जुळत नसे. तहानलेल्या कुत्रीसाठी ठेवलेलं पाणी शेजारच्या मुलाच्या जिवावर उठलं असेल का?

त्यानंतर मी या विषयाचा अभ्यास केला, जनावरांच्या डॉक्टरांना विचारलं आणि दोन-चार गोष्टी गाठीला बांधल्या.

पहिली गोष्ट डासाची. डेंगी पसरवणारा एडिस डास गटाराच्या घाणीपेक्षा भांड्यात साठलेल्या स्वच्छ पाण्याजवळ अंडी घालतो. तीही बहुधा पाण्यात नव्हे, तर पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या ओल्या कडेला चिकटवून. भांडं कोरडं पडलं तरी ती अंडी काही महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी चढलं, की फुटतात. उबदार हवेत अंड्यापासून उडत्या डासापर्यंतचा प्रवास सात ते दहा दिवसांत होतो. म्हणून नुसतं पाणी ओतून देणं पुरेसं नाही, कडा घासायला हव्यात. आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा, असं आरोग्य खातं सांगतं त्याचं कारण हेच.

दुसरी गोष्ट त्या बुळबुळीत थराची. कुत्र्याच्या तोंडातली लाळ, अन्नाचे कण, हवेतली धूळ हे सगळं भांड्यात उतरतं आणि त्यावर जंतूंची वसाहत बसते. ते जंतू स्वतःभोवती चिकट आवरण तयार करतात. वरून कितीही पाणी ओता, ते निघत नाही. घासल्याशिवाय इलाज नाही. ऊन मिळालं, की त्यावर शेवाळ चढतं.

तिसरी गोष्ट उंदरांची. रात्री उघड्या भांड्यावर उंदीर-घुशी येतात. त्यांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईने या रोगाचा तडाखा अनुभवला आहे. तो माणसाला होतो तसा कुत्र्यालाही होतो, आणि मूत्रपिंडं व यकृत निकामी करू शकतो. पाळीव कुत्र्यांसाठी त्याची लस मिळते. रस्त्यावरच्या तांबूंना ती कोण देणार? म्हणून रात्रीचं पाणी पहाटे ओतून द्यावं, हे उत्तम.

आता तुम्ही म्हणाल, एवढी कटकट असेल तर पाणी ठेवायचंच कशाला? कुत्री आपलं आपण बघतील. मलाही दोन दिवस तसंच वाटलं होतं. पण आमच्या भागात ते 'आपलं आपण' म्हणजे काय, ते पाहा. मी १९९१ साली पालघरच्या शाखेत बदलून आलो, तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यातला एक तालुका होता. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ रोजी. तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ पासूनचं. शेजारी औद्योगिक वसाहत वाढत गेली. रसायनांचे, औषधांचे, कापडाचे कारखाने आले. हजारो घरांच्या चुली त्यावर पेटल्या, माझ्या बँकेची खातीही त्यावरच फुगली. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण सांडपाण्याने खाड्या आणि किनारा नासला, म्हणून मच्छीमारांच्या मांगेला समाज परिषदेला राष्ट्रीय हरित लवादाकडे धाव घ्यावी लागली, आणि २०२२ साली लवादाने कारखान्यांना कोट्यवधींची भरपाई भरण्याचा आदेश दिला. पाळीच्या वेळी एमआयडीसीच्या रस्त्याने जाताना कारखान्यांच्या फाटकांशी पहुडलेली कुत्री दिसतात. तहान लागली, की ती जवळच्या नालीत तोंड घालतात. सूर्या नदीचं पाणी नळातून वसई-विरारपर्यंत पोहोचतं. नालीकाठच्या कुत्र्यापर्यंत ते कोणीतरी हाताने नेऊन ठेवलं तरच पोहोचतं.

म्हणून पाणी ठेवायचं, पण नीट ठेवायचं. आमच्या घरी आता जी रीत आहे, ती सांगतो.

ती सिमेंटची कुंडी मी माती भरून तुळशीला दिली. त्याऐवजी दोन पसरट, बुडाला रुंद असलेली स्टीलची भांडी आणली, एका हाताने उपडी करता येतील अशी. दीड-दोन लिटरची. एक वापरात आणि दुसरं घासून उन्हात वाळत. मातीचं परळ पाणी गार ठेवतं, पण त्याच्या छिद्रांत शेवाळ धरतं. तेही वापरायचं तर दोन ठेवावीत आणि आलटून पालटून वाळवावीत. प्लास्टिक शक्यतो नको. त्यावर चरे पडतात आणि चऱ्यांत घाण घर करते. स्टीलचं भांडं उन्हात तापतं, म्हणून ते भिंतीच्या सावलीत ठेवावं, पागोळीखाली मात्र नको.

सकाळी सहाला आणि दुपारी बाराच्या सुमारास पाणी बदलायचं. उन्हाळ्यात संध्याकाळी आणखी एकदा. वरून भर घालायची नाही. आधी ओतायचं, मग घासायचं, मग भरायचं. ओतलेलं पाणी झाडांना जातं, त्यामुळे सौ.ची तक्रार नाही. घासायला नारळाची किशी आणि भांड्यांचा साबण पुरतो. मात्र साबणाचा अंश राहू नये म्हणून दोनदा खळबळून घ्यावं. ही किशी घरच्या भांड्यांच्या घासणीत मिसळायची नाही. आठवड्यातून एकदा कढत पाणी ओतावं. आमच्याकडे बोअरिंगच्या पाण्याने पांढरा थर बसतो, तो लिंबाच्या सालीने किंवा व्हिनेगरने निघतो. पावसाळ्यात तर रोज घासण्याला पर्याय नाही, आणि गावाला जाताना भांडं पालथं घालून जायचं.

शेजाऱ्यांचंही पाहावं लागतं. भांड्याशी कुत्री जमतात आणि लहान मुलं बिचकतात, ही तक्रार खोटी नाही. २०२३ च्या केंद्रीय नियमांत भटक्या कुत्र्यांना खायला घालण्याची जागा मुलांच्या खेळण्याची जागा, जिने आणि इमारतीची दारं यांपासून लांब असावी असं सांगितलं आहे. पाण्यालाही तोच विवेक लावावा. मी भांडं फाटकापासून उचलून मागच्या भिंतीशी नेलं. तांबूने ते अर्ध्या दिवसात शोधून काढलं.

लहानपणी आजी एकनाथांची गोष्ट सांगायची. काशीहून रामेश्वराला वाहण्यासाठी आणलेली गंगेची कावड त्यांनी वाटेत तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी रिकामी केली. या गोष्टीतली करुणा आपण सगळे सांगतो. या वयात मला त्यात दुसरंही काही दिसतं. नाथांनी गाढवाला दिलं ते उरलंसुरलं पाणी नव्हतं. देवासाठी जपून आणलेलं, स्वच्छ पाणी होतं.

गेल्या दिवाळीनंतर आम्हाला पुन्हा पुण्याला जायचं होतं. मी भांडी पालथी घालायला निघालो, तर शेजारचा तो मुलगा भिंतीवर हात टेकून उभा. आता तो तेरा वर्षांचा झाला आहे. म्हणाला, "आजोबा, मी करतो ना. रोज घासायचं, वरून भरायचं नाही. मला माहितेय." मी त्याच्या आईकडे पाहिलं. तिने मान हलवली.

बँकेत रजेवर जाताना किल्ल्या सहीनिशी सोपवायची पद्धत होती. मी त्याला किशी आणि साबण सोपवला. त्याने सही मात्र केली नाही. आठ दिवसांनी परतलो, तेव्हा एक भांडं भिंतीशी भरलेलं होतं, दुसरं उन्हात वाळत होतं. मी सवयीने कडेवरून बोट फिरवून पाहिलं. बोट कोरडं होतं.