दुसऱ्यासाठी बोलताना

पुण्यात कागद, काच, पत्रा वेचणाऱ्यांची संघटना १९९३ मध्ये उभी राहिली. ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ हे तिचं नाव. बाबा आढावांसारखा हमालांच्या लढ्यातून आलेला माणूस तिच्या पाठीशी होता, पण तिची मुळं साक्षरता वर्गात होती. एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागातल्या कार्यकर्त्या वस्त्यांमध्ये शिकवायला गेल्या. बायकांचा सगळा दिवस कचराकुंड्यांपाशी जातो हे दिसल्यावर त्या स्वतःच त्यांच्याबरोबर फेरीला जाऊ लागल्या. शिकवायला आलेल्या या बायका तिथे बरंच काही शिकल्या. भंगाराचा भाव कसा ठरतो, कोणत्या सोसायटीत चोर म्हणून हटकलं जातं, पोलीस कधी अडवतो, हे सारं त्यांना फेरीतच कळलं.

पुढच्या वर्षांत पंचायतीने मिळवलेल्या गोष्टी मोजता येतात. महापालिकेची मान्यता असलेलं ओळखपत्र मिळालं, बायकांची पतसंस्था झाली, आरोग्य विमा झाला. २००८ मध्ये ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्याच सहकारी संस्थेशी महापालिकेने करार केला आणि दारोदार कचरा गोळा करणं हे त्यांचं रीतसर काम झालं. चळवळीबद्दल लिहिताना आपण इथेच थांबतो. या सगळ्यात माणसाचं काय झालं, हे मात्र कुठल्याच अहवालात नीट येत नाही, आणि मला ते या यादीइतकंच मोलाचं वाटतं.

वस्तीची प्रतिनिधी म्हणून निवडली गेलेली बाई डोळ्यांसमोर आणा. काल-परवापर्यंत ती उकिरड्यावर एकटी होती. भंगारवाल्याने काट्यात मारलं तरी गप्प बसायची, कारण उद्या त्याच्याच दारात जायचं असतं. आता तिच्याकडे वर्गणीचं पावतीपुस्तक असतं. कोणी पैसे दिले, कोणाचे राहिले, कोणाचं ओळखपत्र फाटलं, कोणाच्या पोराच्या शिष्यवृत्तीचा अर्ज अडकला, हे तिला लक्षात ठेवावं लागतं. लिहिता येत नसेल तर मुलीकडून लिहून घ्यावं लागतं. पुढे कधीतरी ती अक्षरं तिला स्वतःला वाचता येऊ लागतात, कारण हिशेबाचा जाब तिला द्यायचा असतो.

आपल्यापुरतं मागताना जीभ अडखळते. मनात अपमानाची भीती असते, शिवाय आपलंच चुकत असेल ही लहानपणापासून बिंबवलेली शंका असते. वस्तीतल्या सगळ्या बायकांचं गाऱ्हाणं घेऊन गेलेल्या बाईला मात्र परत फिरता येत नाही. घरी गेल्यावर त्या विचारणार असतात, ‘काय म्हणाला साहेब?’ म्हणून ती वॉर्ड ऑफिसच्या दारात उभी राहते, निवेदनावर पोच घेते, शिक्का नसेल तर पुन्हा मागते. धीर आधी येतो आणि मग माणूस बोलतो असं आपण समजतो. संघटनेत बऱ्याचदा आधी बोलावं लागतं आणि धीर मागाहून येतो. पुढे हीच बाई घरात मुलीचं लग्न लवकर उरकू नका म्हणते, तेव्हा तो आवाज तिने वॉर्ड ऑफिसात कमावलेला असतो.

मुंबईच्या गिरणगावात हे फार आधी घडलं होतं. १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपाच्या काळात गिरणी कामगार युनियन वाढली आणि गिरण्यागिरण्यांत कामगारांच्या समित्या झाल्या. तोवर कामाला लावणं, काढणं, गाऱ्हाणं वर पोचवणं सगळं जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, मर्जीवर चालायचं. समितीतला कामगार थेट मॅनेजरसमोर जाऊन उभा राहू लागला. शाळेशी फारसा संबंध न आलेल्या अण्णा भाऊ साठ्यांना याच कष्टकरी मुंबईने आणि कम्युनिस्ट पक्षाच्या कामाने घडवलं. नारायण सुर्व्यांनी १९६६ च्या संग्रहाला ‘माझे विद्यापीठ’ हे नाव दिलं, त्यामागेही हेच जगणं होतं. ही फार मोठी नावं झाली. लढ्यांमधून उभ्या राहिलेल्या पार्वतीबाई भोर यांच्यासारखी स्वतःची हकिगत पुस्तकात मांडू शकलेली माणसं थोडीच. बाकीच्यांनी चाळीत भित्तिपत्रकं चिकटवली, गेटसभेला सतरंज्या घातल्या, संपात घरोघर धान्य वाटलं, आणि त्यांची नोंद कुठे राहिली नाही.

प्रत्येक संघटनेत माणूस वाढतोच असं नाही. जिथे नेता बोलतो आणि बाकीचे घोषणा देतात, जिथे करार बंद खोलीत होतो आणि सभासदाला आकडा तेवढा कळतो, तिथे पगार वाढला तरी माणूस होता तिथेच राहतो. अशा संघटना महाराष्ट्राने भरपूर पाहिल्या आणि त्यांचं नुकसान कामगारांनी सोसलं. म्हणून कोणत्याही युनियनचं मोल करताना मी सभेचं इतिवृत्त कोण लिहितं, वर्गणीचा हिशेब सभासदांसमोर वाचला जातो का, नव्या माणसाला पहिल्या वर्षात कोणतं काम मिळतं, हे आधी विचारीन. निवडणुकीपुरते पक्षाच्या कामाला येणारे तरुण स्लिपा वाटतात, बूथवर बसतात आणि निकालानंतर घरी जातात. त्यांच्यातल्या कितीजणांना पुढची पाच वर्षं त्याच वस्तीत पाण्याच्या, रेशनच्या कामाला कोणी बोलावतं? बोलावलं तर त्यातले पुष्कळ येतील असं मला मनापासून वाटतं.

१९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या, तेव्हा संघटनेचं सगळं संपलं असं अनेकांनी मानलं. तरी त्याच कामगारांनी पुढे गिरण्यांच्या जमिनीवर घरं मागितली. समित्या केल्या, अर्ज भरून घेतले, कोर्टात आणि मंत्रालयात खेटे घातले, आणि म्हाडाच्या सोडतीतून काही हजार कुटुंबांना मुंबईत घर मिळालं. फार जणांना अजून मिळालेलं नाही. मशीन गेली, पास गेला, गेटही गेलं, तरी सभा कशी भरवायची हे त्यांच्याकडून कोणाला काढून घेता आलं नव्हतं.

आज खाणं पोचवणाऱ्या आणि ॲपवर गाडी चालवणाऱ्या पोरांना गेटच नाही. मुकादम म्हणजे मोबाइलमधला एक आकडा. खातं का बंद झालं, हे विचारायला समोर माणूस नाही. राजस्थानात २०२३ मध्ये अशा कामगारांसाठी कायदा झाला, तो तिथल्या संघटनांनी नेट धरल्यामुळे. हमालांसाठी माथाडी कायदा १९६९ मध्येच करणाऱ्या महाराष्ट्रात ही पोरं सध्या हॉटेलांबाहेर ऑर्डरची वाट पाहत उभी असतात, आणि तेवढ्या वेळात एकमेकांना विचारत असतात, ‘तुझे किती कापले?’ संघटनेचं काम करू इच्छिणाऱ्याने आधी तिथे जाऊन उभं राहावं.