समुद्राकाठच्या घरासाठी जुनं फर्निचर घेताय? आधी रंग बघा

अलिबाग असो की गोवा, समुद्राकाठच्या घरांत रंग उडालेलं, जुनाट दिसणारं फर्निचर भाव खातंय. त्यात सोयही आहे. खाऱ्या हवेत लोखंड लवकर गंजतं. जुन्या सागवानावर मात्र चार ओरखडे शोभूनच दिसतात.

मग धोका कुठे आहे?

जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. भारतात घरगुती रंगांत दहा लाख भागांमागे जास्तीत जास्त ९० भाग शिसं, ही मर्यादा २०१७ मध्ये लागू झाली. त्याआधीचा रंग घासला तर शिशाची धूळ उडू शकते. ती लहान मुलांच्या मेंदूला घातक असते.

म्हणून जुना रंग घरी घासू नका. ‘डिस्ट्रेस्ड’ लूक हवाच असेल, तर रंग न दिलेलं लाकूड घ्या, शिसेमुक्त रंग लावा आणि कडा हलक्या हाताने घासा.