उपकरणांची विक्री : कमाई नेमकी कशात?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

बी.एस्सी. झालेल्या, फार्मसी केलेल्या किंवा बायोमेडिकल इंजिनिअरिंग शिकलेल्या मुलांच्या घरी हल्ली एक चर्चा हमखास होते. वैद्यकीय उपकरणांच्या विक्रीत म्हणे खूप पैसा आहे! कुणी सांगतं, हृदयाच्या लाइनला जा. कुणी सांगतं, हाडांच्या लाइनमध्ये इन्सेंटिव्हला मर्यादाच नाही. औषध कंपनीचा एमआर आई-वडिलांना ठाऊक असतो. पण हा उपकरणवाला नेमकं करतो काय, आणि एकाच धंद्यातल्या दोघांच्या कमाईत एवढा फरक का, हे कुणी सांगत नाही. आज त्याचा थोडा हिशेब मांडू या.

एमआर डॉक्टरांना औषधाची माहिती देतो आणि पुढे रुग्ण ते औषध दुकानातून घेतो. उपकरण विकणारा मात्र वस्तूबरोबर स्वतःही रुग्णालयात जातो, पुष्कळदा थेट ऑपरेशन थिएटरपर्यंत. त्याच्या कमाईचे साधारण तीन कप्पे असतात : ठरलेला पगार, प्रवास वगैरेंचे भत्ते आणि विक्रीवरचा इन्सेंटिव्ह. पहिले दोन कप्पे अनेक ठिकाणी थोड्याफार फरकानं सारखे असतात. खरा फरक पडतो तो तिसऱ्या कप्प्यात.

एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, दोन मुलांना विक्रीच्या दोन टक्के इन्सेंटिव्ह आहे. पहिल्यानं महिन्याला ५० रुपयांच्या २,००० सुया विकल्या. विक्री झाली एक लाखाची, त्याला मिळाले २,००० रुपये. दुसऱ्यानं ५० हजारांची २० इम्प्लांट विकली. विक्री दहा लाखांची, मिळाले २०,००० रुपये. धावपळ कदाचित पहिल्याचीच जास्त झाली असेल! पण दुसऱ्याचं टार्गेटही तेवढंच मोठं असतं, हे विसरू नका. बहुतेक ठिकाणी टार्गेटचा ठरावीक टप्पा गाठल्याशिवाय इन्सेंटिव्ह सुरूच होत नाही. आणि यंदा टार्गेट ओलांडलं, तर पुढच्या वर्षी ते वाढून येतं.

म्हणून कुठल्याही लाइनला चार प्रश्न विचारावेत. एका वस्तूची किंमत किती? ती पुन्हा पुन्हा लागते का? विकल्यानंतर आपली गरज उरते का? आणि पैसे हातात कधी येतात?

हे प्रश्न लावून एकेक लाइन पाहू. सुया, सलाइनचे सेट, हातमोजे, टाक्यांचा धागा ही रोजच्या वापरातली वस्तू. किंमत कमी, स्पर्धा जबरदस्त. दोन रुपये स्वस्त देणारा आला की गिऱ्हाईक हललं. पण मागणी कधी थांबत नाही. कमाई बेताची, तरी नियमित. नवख्या मुलाला रुग्णालयाचं खरेदी खातं, स्टोअर आणि बिलांचा प्रवास समजून घ्यायला ही चांगली शाळा आहे.

हाडांची लाइन वेगळी. गुडघेबदलाच्या शस्त्रक्रियेत कोणत्या मापाचा सांधा बसेल हे आधी पूर्ण नक्की नसतं. म्हणून सगळ्या मापांचे नग आणि अवजारांचे जड ट्रे आधी पोचवावे लागतात. वापरलं तेवढ्याचंच बिल होतं, उरलेलं परत न्यायचं. प्रतिनिधी थिएटरमध्ये उभा राहून कोणत्या क्रमानं कोणतं अवजार लागेल ते सांगतो. रुग्णाला हात लावायचा नाही, पण अवजारं तोंडपाठ हवीत. गुडघेबदलाची तारीख आधी ठरते. अपघातातलं मोडलेलं हाड मात्र वेळ पाहून येत नाही. रात्री दोनला फोन आला, तर प्लेट आणि स्क्रूचा डबा घेऊन निघावंच लागतं. या लाइनमधला पैसा या जागरणाचाही आहे.

हृदयाच्या लाइनचंही तसंच. स्टेंट, बलून, वायर वेगवेगळ्या मापांत कॅथ लॅबमध्ये तयार ठेवावे लागतात. पेसमेकरमध्ये आणखी एक गोष्ट आहे. तो बसवल्यावर विशेष यंत्रानं त्याची मांडणी तपासावी लागते, पुढेही ठरावीक काळानं तपासणी होते आणि त्यासाठी कंपनीचा जाणकार माणूस लागतो. इथे विक्रीइतकीच किंमत ज्ञानाला असते आणि ज्ञानाची कमाई टार्गेटच्या लहरीवर कमी अवलंबून राहते.

डोळ्यांच्या लाइनची गोष्ट बोलकी आहे. मोतीबिंदूनंतर डोळ्यात कृत्रिम भिंग बसवण्याची सुरुवात १९४९ साली लंडनमध्ये हॅरॉल्ड रिडली यांनी केली. आपल्याकडे ही भिंगं दीर्घकाळ परदेशातून यायची आणि महाग पडायची. १९९२ साली मदुराईला ऑरोलॅब सुरू झाली, तिनं स्वस्त भिंगं बनवली आणि सामान्य रुग्णालाही भिंग परवडू लागलं. एका नगामागचा पैसा घटला, नगांची संख्या मात्र वाढली. स्वस्ताईनं धंदा बुडतोच असं नाही, हा यातला धडा.

पॅथॉलॉजीत अनेकदा यंत्र लॅबला जवळजवळ फुकट ठेवायला देतात आणि रसायनं काही वर्षं आपल्याकडूनच घेण्याचा करार होतो. एकदा यंत्र बसलं की दरमहा मागणी येत राहते. एमआरआय, सीटी स्कॅन यांसारख्या मोठ्या यंत्रांचं याच्या उलट. एक सौदा व्हायला महिनोन् महिने जातात. सरकारी खरेदी असेल तर निविदा, मंजुरी, निधी असा लांबचा पल्ला. सौदा झाला की मोठी रक्कम, नाहीतर वर्षभर फक्त पगार. घरचे हप्ते दरमहा भरायचे असतील, तर ही लाइन धरण्यापूर्वी नीट विचार करावा. सोनोग्राफीच्या यंत्राला तर कायद्याची जोड आहे. नोंदणी नसलेल्या केंद्राला ते विकणं हा गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. तिथे टार्गेटची सबब चालत नाही.

आता या हिशेबाची दुसरी बाजू. इन्सेंटिव्ह येतो कुठून? शेवटी तो रुग्णाच्या बिलातूनच येतो. फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत निर्धारण प्राधिकरणानं स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली : साध्या स्टेंटला ७,२६० रुपये आणि औषध सोडणाऱ्या स्टेंटला २९,६०० रुपये, कर वेगळे. त्याआधी औषध सोडणाऱ्या स्टेंटसाठी रुग्णाला लाखाच्या वरही मोजावे लागत. कारखान्यापासून रुग्णापर्यंत टप्प्याटप्प्यावर अवाजवी नफा चढवला जातो, असं प्राधिकरणाचं म्हणणं होतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या इम्प्लांटवर मर्यादा आली. सर्वाधिक वापराच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची कमाल किंमत ५४,७२० रुपये ठरली. पुढे या आकड्यांत वेळोवेळी बदल झाले. पण एका सरकारी आदेशानं एका लाइनचं सगळं गणित बदलू शकतं, हे तेव्हा सर्वांना कळलं. ज्यांची मिळकत केवळ वस्तूच्या चढ्या किमतीवर उभी होती, त्यांच्या पायाखालची वाळू सरकली. ज्यांना काम येत होतं, त्यांची थिएटरमधली गरज मात्र तशीच राहिली.

दुसरा बदल भेटवस्तूंचा. डॉक्टरांनी कंपन्यांकडून भेटी आणि सहली घेऊ नयेत, असा नियम वैद्यक परिषदेनं २००९ च्या डिसेंबरमध्येच केला होता. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयानं, अशा भेटींवरचा खर्च औषध कंपन्यांना आयकरातून वजा करता येणार नाही, असा निकाल दिला. २०२४ साली केंद्र सरकारनं उपकरण कंपन्यांसाठीही विपणनाची आचारसंहिता काढली. तेव्हा 'डॉक्टरांना खूश ठेव, बाकी मी बघतो' असं एखादा वरिष्ठ सांगत असेल, तर ती नोकरी कितीही पगाराची असली तरी धोक्याची आहे. उद्या चौकशी झाली, तर सही कुणाची निघते? बहुधा पोराचीच.

मग नोकरी धरताना काय विचारायचं? ठरलेला पगार किती आणि इन्सेंटिव्ह किती, हे वेगवेगळं लिहून मागा. टार्गेट कोण ठरवतं आणि कशावरून, ते विचारा. इन्सेंटिव्ह बिल झाल्यावर मिळतो की वसुली झाल्यावर, हे तर नक्की विचारा. रुग्णालयांची बिलं महिनोन् महिने अडकतात आणि तोवर आपला इन्सेंटिव्हही अडकतो. रात्री-अपरात्रीच्या फेऱ्यांचा भत्ता आहे का? शिकवणी किती दिवसांची? आणि ती वस्तू किंमत नियंत्रणाखाली आहे का?

या उत्तरांवरून लाइन निवडावी, तिच्या नावावरून नव्हे. हृदय मोठं की हाड मोठं, यावर पगार ठरत नाही. टेबलावर रुग्ण असताना आपल्या माहितीचा उपयोग किती होतो, यावर टिकाऊ कमाई ठरते. ते ज्ञान पहिल्या दोन-तीन वर्षांत, पगार थोडा कमी असला तरी, मिळवून ठेवावं. किमती सरकार बदलेल, टार्गेट साहेब बदलेल. आपल्याला येत असलेलं काम मात्र कुणी काढून घेऊ शकत नाही.